जैसलमेर पहिल्यांदाच पाहताय? मग दिवस असे आखा

जैसलमेरला येणाऱ्या बहुतेक मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. जोधपूरहून निघून दुपारी पोचायचं, घाईघाईत किल्ला उरकायचा, संध्याकाळी सम गावच्या वाळूत उंटावर बसायचं, रात्री तंबूत नाचगाणं आणि सकाळी परत. एवढा पल्ला मारून येऊन यात जैसलमेर जेमतेम दिसतं. भर दुपारी किल्ल्याचा पिवळा दगड पांढुरका आणि निस्तेज वाटतो, तोवर जैन मंदिरांची दर्शनाची वेळ संपलेली असते आणि समला सगळ्या गाड्या एकाच तासात येऊन थडकतात.

इथे दिवस आखताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: ऊन कुठल्या बाजूचं आहे आणि पाणी किती आहे. खाली दिलेला क्रम त्यावरच बेतलेला आहे.

१. महिना आणि दिवस ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत दिवसा २३-२५ अंश असतं, रात्री ५-८ अंशांपर्यंत उतरतं, आणि उघड्या वाळूत त्याहूनही गार लागतं. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. त्या दिवसांत स्वस्त खोल्यांच्या जाहिराती दिसतील. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर त्या मोहात पडू नका.

हंगामातही दोन आठवडे टाळण्यासारखे आहेत. दिवाळीत आपल्या शाळांना सुट्टी असते आणि त्याच वेळी गुजरातेतून प्रचंड गर्दी लोटते. दुसरा आठवडा नाताळ ते नववर्षाचा. या दोन्ही वेळी खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात आणि समचा रस्ता संध्याकाळी तुंबतो. देवदिवाळीपासून साधारण २० डिसेंबरपर्यंतचे दिवस आणि मग १० जानेवारीनंतरचा महिना, हे दोन काळ सगळ्यांत चांगले. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो. लोककलाकार एकाच ठिकाणी ऐकायचे असतील तर मुद्दाम त्या वेळी या, पण खोली खूप आधी घेऊन ठेवा.

दिवस किती? किमान तीन पूर्ण दिवस. सीमेकडचं तनोट-लोंगेवाला करायचं असेल तर चार. दोनच दिवस हातात असतील तर तनोट सोडा, किल्ला अर्धवट पाहू नका.

२. पोचायचं कसं

मुंबईहून वांद्रे टर्मिनस ते जैसलमेर थेट गाडी आहे, पण आठवड्यातून एकदाच. तिचं आरक्षण लवकर भरतं. सोपा मार्ग म्हणजे मुंबईहून जोधपूर आणि तिथून पुढे रेल्वे किंवा रस्ता. जोधपूर-जैसलमेर रस्ता सुमारे २८० किलोमीटर. गाडीने पाच तास धरा. रेल्वेला पाच-सहा तास लागतात. रात्रीची गाडी पकडली तर ती पहाटे पोचवते आणि एक अख्खा दिवस वाचतो. पुण्याकडच्या काही गाड्या जोधपूर स्थानकाऐवजी भगत की कोठीला थांबतात. ते जोधपूरमधलंच दुसरं स्थानक आहे. पुढची गाडी जोधपूर स्थानकावरून असेल तर मधे किमान दोन तास ठेवा.

या मार्गावर शयनयान डब्यातून येत असाल तर खिडक्या घट्ट बंद करा. फटींतून बारीक वाळू आत येते आणि पहाटेची थंडी झोंबते. जाड चादर हाताशी असू द्या, ती सामानाच्या तळाशी असून उपयोग नाही.

विमानसेवा प्रामुख्याने हिवाळ्यात चालते. मार्ग आणि वार दर हंगामात बदलतात, म्हणून आधी तिकीट पक्कं करा आणि मगच हॉटेल घ्या. विमानतळ हवाई दलाच्या तळाला लागून आहे. उतरताना-चढताना खिडकीतून फोटो काढू नका.

स्वतःची गाडी असेल तर अहमदाबादला मुक्काम करून बाडमेरमार्गे या. रात्री गाडी चालवणं टाळा. गायी आणि उंट डांबरावर बसलेले असतात आणि अंधारात उंटाचे पाय दिव्यांच्या झोतात येईपर्यंत उशीर झालेला असतो. वारा सुटला की रस्त्यावर वाळूचे पट्टे जमतात. त्यावर जोरात ब्रेक मारला तर गाडी घसरते, वेग आधीच कमी करून सरळ पार करा.

पहिला सापळा इथेच भेटतो. स्थानकावर, बसथांब्यावर, कधी गाडीतच कुणीतरी अतिशय गोड बोलून जवळजवळ फुकट खोली देऊ करतो. खोली स्वस्त असते कारण वसुली सफारीतून होते. त्यांच्याकडून उंटाची सफर घेतली नाही की सूर बदलतो, गरम पाणी बंद होतं आणि क्वचित खोली सोडायलाही सांगतात. उपाय साधा आहे. खोली आधीच घ्या आणि लेखी निरोपात विचारा, 'सफारी न घेता याच भावात खोली मिळेल का?' उत्तर टाळलं तर दुसरं हॉटेल बघा.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- प्रत्येकाचं छायाचित्र असलेलं मूळ ओळखपत्र, मुलांचंही. सीमेजवळचा जिल्हा असल्यामुळे हॉटेलात आणि तनोटच्या रस्त्यावर विचारणा होते. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.
- परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचं पारपत्र आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड. त्यांना सम, खुडी, कुलधरा, लोद्रवा अशी नेहमीची ठिकाणं पाहता येतात, पण सीमेकडच्या भागासाठी वेगळी परवानगी लागते. अमेरिकेतून आलेल्या भाच्याला थेट तनोटला नेण्याचा बेत याच कारणाने वाटेत फसतो.
- स्वतःची गाडी असेल तर नोंदणी, विमा, पीयूसी आणि परवाना.
- रोख रक्कम. एटीएम गावात आहेत, सम-खुडीच्या भरवशावर राहू नका. उंटवाले, वादक आणि टपऱ्यांसाठी सुट्ट्या नोटा वेगळ्या ठेवा.

सामानात स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट दोन्ही हवं. कानटोपी, ओठांना लावायला व्हॅसलिन, डोळ्यांचे थेंब आणि टॉर्च घ्या. कॅमेऱ्यासाठी घट्ट बंद होणारी पिशवी ठेवा आणि वाळूत उभं राहून लेन्स बदलू नका. पायांत घोट्यापर्यंतचे बूट हवेत. लोकरी मोजे मात्र वाळूत घालू नका. इथे भुरट नावाचं गवत आहे, त्याची काटेरी बोंडं लोकरीत अशी रुततात की मोजा टाकूनच द्यावा लागतो. गुळगुळीत कापडाची विजार उत्तम.

ड्रोन आणूच नका. सीमावर्ती जिल्ह्यात तो उडवणं म्हणजे थेट पोलीस ठाण्याची वाट.

४. मुक्काम किल्ल्याच्या खाली करा

किल्ल्यात राहायला मिळतं, याचं आकर्षण मोठं आहे. तरीही माझा आग्रह आहे की मुक्काम खाली गावात करा आणि त्याचं कारण पाणी आहे.

भाटी राजा रावल जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. टेकडी सुमारे ७६ मीटर उंच. आजही आत हजारो माणसं राहतात, दुकानं चालतात, लग्नं होतात. हे सगळं घड्याघड्याने आणलेल्या पाण्याच्या हिशोबाने बांधलेलं होतं. मग नळ आले, पर्यटक आले, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. इतकं सांडपाणी वाहून न्यायची सोय जुन्या गटारांना नव्हती. ते टेकडीच्या मऊ थरांत मुरत गेलं, पाया भुसभुशीत झाला आणि काही बुरूज ढासळले. २०२४ च्या पावसाळ्यात तटाच्या भिंतीचा एक भाग खाली रस्त्यावर कोसळला. राजस्थानच्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर हा किल्ला २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या टेकडीवर आपल्या आंघोळीचं पाणी न सोडणं ही पाहुण्याने करण्यासारखी सगळ्यांत मोठी मदत आहे.

शिवाय किल्ल्यात राहून किल्ला दिसत नाही. तो दिसतो खालच्या हॉटेलांच्या गच्चीवरून. गडीसर पोळ, गोपा चौक किंवा गांधी चौकाच्या परिसरात खोली घ्या. किल्ल्याचं दार पायी पाच ते पंधरा मिनिटांवर येतं. घेताना तीन प्रश्न विचारा: गच्चीवरून किल्ला दिसतो का, गरम पाणी कोणत्या वेळी असतं आणि गाडी दारापर्यंत येते का. जुन्या गावातल्या बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरतच नाही, आणि चाकांची बॅग दगडी फरसावरून ओढणं हाल करणारं आहे.

५. किल्ला: पहिल्या सकाळी, आठच्या आत

किल्ल्यात जायला तिकीट नाही. तो चालता-बोलता वस्तीचा किल्ला आहे. कुणी दारात प्रवेशाचे पैसे मागितले तर सरळ पुढे चला. तिकीट लागतं ते आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाला आणि जैन मंदिरांना.

गोपा चौकातून शिरून चार पोळ, म्हणजे दरवाजे, पार करावे लागतात: अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ. चढण वळणावळणाची आहे. हत्ती आणि घोडदळ वेगाने दरवाजावर आदळू नये म्हणून ही वळणं. फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे, रबरी तळव्यांचे बूट घाला. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी रिक्षा वरच्या दशहरा चौकापर्यंत जाते.

चौकातून आधी जैन मंदिरांकडे वळा, राजवाडा नंतर. क्रम उलटा केला की मंदिरं हुकतात, कारण पर्यटकांसाठी ती साधारण दुपारी बारापर्यंतच खुली असतात. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, काहीही चामड्याचं आत नेता येत नाही. खोलीवरच ठेवून आलात तर बाहेर रखवालीचा प्रश्न येत नाही. एकमेकांना जोडलेली ही सात मंदिरं बाराव्या ते सोळाव्या शतकांतली. पार्श्वनाथ, संभवनाथ आणि चंद्रप्रभू यांना जास्त वेळ द्या. संभवनाथांच्या मंदिराखाली ज्ञान भांडार आहे, तिथे ताडपत्रांवरची जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. वाळवंटातली कोरडी हवा आणि तळघर, दोन्हींनी ती टिकली. कोरीव छत पाहताना मान दुखेल, पण घाई करू नका. खांबांच्या रांगेत आडवं ऊन येतं तेव्हाच कोरीवकामाची खोली कळते, म्हणून तर सकाळ.

नंतर राजवाडा. ध्वनिमार्गदर्शक घेतलात तर दीड तास लागतो. वरच्या गच्चीवरून किल्ल्याची आखणी समजते. तटाला ९९ बुरूज आहेत. वर ठेवलेले गोल दगडी गोळे आणि ओंडक्यासारखे लांब दगड शत्रूवर ढकलून द्यायला होते.

माणसांच्या घरांसमोरून जाताना एवढं पाळा: दारं उघडी असली तरी ती घरं आहेत. भिंतीवर गणपती आणि तारीख रंगवलेली दिसेल. ती त्या घरातल्या लग्नाची जाहीर पत्रिका. तिचा फोटो खुशाल काढा, ओसरीवर बसलेल्या बायकांचा विचारल्याशिवाय नको. वयस्कर माणसाला 'राम राम सा' किंवा 'खम्मा घणी' म्हटलंत की बोलणं आपोआप सुरू होतं.

६. हवेल्या आणि गडीसर

पटव्यांच्या हवेल्या पाच आहेत, एकमेकींना चिकटून. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ मध्ये पहिली सुरू केली. पाचही बाहेरून पाहायला पैसे लागत नाहीत. आत जाण्यासाठी मात्र तिकिटं वेगवेगळी आहेत, कारण एका हवेलीत खासगी संग्रहालय आहे आणि सरकारच्या ताब्यातल्या हवेलीचं तिकीट निराळं. खासगी हवेलीत जुनं घरसामान मांडून ठेवलं आहे. एकच बघायची तर तीच बघा. नथमल हवेलीचं एकोणिसाव्या शतकातलं काम हाथी आणि लालू या दोन भावांनी दोन बाजूंनी केलं. डावी-उजवी बाजू सारखी वाटते, पण नीट पाहिलं की नक्षी वेगळी निघते. सालम सिंह हवेलीचा वरचा मजला बाहेर फाकलेला आहे. ती रस्त्यावरूनच पाहिली तरी चालेल.

या गल्ल्यांत 'मोफत माहिती सांगतो' म्हणणारा माणूस शेवटी दुकानात नेऊन सोडतो. वाटाड्या हवाच असेल तर परवान्याचं ओळखपत्र बघा आणि पैसे, तास व 'दुकान नाही' ही अट निघण्यापूर्वी ठरवा.

गडीसर हा तलाव चौदाव्या शतकात रावल गडसीच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि नळ येईपर्यंत गावाची तहान यावरच भागायची. इथे सूर्योदयाला जा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे फार लवकर उठायचीही गरज नाही. तलाव किल्ल्याच्या आग्नेयेला असल्यामुळे पहिलं ऊन थेट तटावर पडतं. संध्याकाळी होडीवाल्यांची गर्दी असते, सकाळी पाणी मोकळं असतं. तळ्यातल्या माशांना पाव टाकू नका.

सूर्यास्तासाठी गावाच्या वायव्येला व्यास छत्री. तिथून किल्ल्यावर मावळतीचं ऊन पडलेलं दिसतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण दगड सोनेरी होतो तो आधीच्या अर्ध्या तासात. साडेपाचला जागेवर असा.

७. गावाबाहेरची अर्ध्या दिवसाची फेरी

टॅक्सी ठरवताना 'साइटसीइंग' हा एकच शब्द वापरलात की ड्रायव्हर त्याच्या सोयीची चार ठिकाणं दाखवतो. ठिकाणांची नावं क्रमाने सांगा, थांबण्याचे तास धरा, आणि पार्किंग व प्रवेश कोण भरणार ते बोलून घ्या. मी सुचवेन तो क्रम असा: बडा बाग, लोद्रवा, अमरसागर, मग दुपारनंतर कुलधरा, खाबाचा किल्ला आणि तिथून वाळू.

बडा बाग गावापासून सहा किलोमीटरवर. भाटी राजांच्या छत्र्या, मागे पवनचक्क्यांची रांग. सावली नाही, त्यामुळे सकाळीच उरका. लोद्रवा ही जैसलमेरच्या आधीची राजधानी, सुमारे १५ किलोमीटरवर. इथलं पार्श्वनाथाचं मंदिर आणि त्याची दगडी जाळी किल्ल्यातल्या मंदिरांच्या तोडीची आहे, आणि गर्दी नावालाही नसते. वेळ कमी पडला तर बडा बाग सोडा, लोद्रवा नको.

कुलधरा सुमारे १८ किलोमीटरवर. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेलं गाव. ड्रायव्हर भुताच्या गोष्टी रंगवून सांगतील. दिवाण सालम सिंहाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत गाव उठलं, ही दंतकथा आहे. अभ्यासक आटत गेलेलं पाणी आणि करांचा बोजा ही कारणंही मांडतात. मला इथली पाण्याची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. पालीवालांनी उताराच्या पायथ्याशी बांध घालून पावसाचं पाणी शेतात अडवलं, ते जमिनीत मुरवलं आणि त्या ओलीवर रब्बीचं पीक घेतलं. या शेताला खडीन म्हणतात. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो अशा मुलखात गहू पिकायचा तो यामुळे. ड्रायव्हरला 'खडीन दाखवा' म्हणा. परिसरात अजूनही चालू खडीनं आहेत.

वेळ उरला तर बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवरचं आकल जीवाश्म उद्यान. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे आहेत. ज्यांना यात रस आहे त्यांनी जरूर जावं, बाकीच्यांना तिथे फार काही 'दिसत' नाही.

८. वाळू: सम की खुडी

आधी एक गैरसमज दूर करू. जैसलमेरच्या भोवती क्षितिजापर्यंत वाळूचा समुद्र नाही. बराचसा भाग दगडाळ माळ आणि झुडपं असा आहे. मोठ्या टेकड्यांचे पट्टे ठरावीक ठिकाणी आहेत. त्यांतले दोन सोयीचे.

सम पश्चिमेला ४२ किलोमीटर. टेकड्या उंच, सोयी भरपूर आणि गर्दीही तेवढीच. खुडी नैर्ऋत्येला साधारण ५० किलोमीटर. टेकड्या थोड्या लहान, पण गाव शेजारी आहे, मातीची घरं आहेत, रात्री आकाश काळंकुट्ट राहतं. लहान मुलांना धमाल हवी असेल तर सम. शांतता, तारे आणि गाणं ऐकायचं असेल तर खुडी. मी कुणालाही आधी खुडीच सांगतो.

तंबू घेण्यापूर्वी हे विचारा:

- टेकड्या तंबूपासून पायी किती मिनिटांवर आहेत? अनेक कॅम्प रस्त्याकडेला आहेत आणि वाळूपर्यंत गाडीने जावं लागतं.
- डीजे आहे का, आणि किती वाजता बंद होतो? शेजारच्या कॅम्पचाही आवाज धरा.
- उंटाची फेरी किती वेळाची? पॅकेजमधली 'कॅमल राइड' बहुतेकदा १५-२० मिनिटांत आटपते.
- जीप सफारी धरलेली आहे की वेगळी?
- माणशी किती रजया? डिसेंबरात दोन हव्यात.

उत्तरं फोनवर नको, लेखी निरोपात घ्या.

कॅम्पवर चारपर्यंत पोचा. त्यानंतरची सगळी मंडळी एकदमच उंटांकडे धावतात. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. दोन्ही वेळी मागे रेलून पलाणाची मूठ दोन्ही हातांनी धरा. सवय नसताना तासाभराहून अधिक बसलात तर मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. उंटाच्या नाकातून रक्त येत असेल किंवा पाठीवर जखम दिसली तर दुसरा उंट मागा.

जीप सफारीत उघड्या गाडीत उभं राहून ओरडायची पद्धत पडली आहे. टेकडीच्या माथ्यावर जीप क्षणभर हवेत जाते आणि आदळते. कंबरदुखी, गरोदरपण, लहान मूल, यांपैकी काहीही असेल तर नकोच. बाकीच्यांनी बसून, दांडी धरून जावं. स्वतःची गाडी वाळूत घालू नका. रुतल्यावर बाहेर काढायला ट्रॅक्टरवाले सांगतील ते पैसे द्यावे लागतात. मोबाइलचा नकाशा पुष्कळदा जवळची वाट म्हणून कच्च्या रेताड पाऊलवाटेवर नेतो. डांबर सोडायचं नाही, हा नियम धरा.

रात्रीच्या कार्यक्रमात मांगणियार गायक असतील तर पुढे बसा. हे पिढीजात गायक. त्यांच्याकडचं कमायचा हे गजाने वाजवायचं वाद्य आता मोजक्याच हातांत उरलं आहे. त्याबरोबर खडताल आणि मोरचंग. ते फर्माइशीवर सिनेमाची गाणी वाजवतात, कारण लोक तेच मागतात. तुम्ही 'मांड म्हणा' (मांड ही इथली गायकी) किंवा 'कमायचा ऐकवा' म्हणून बघा, त्यांचा चेहरा उजळतो. बक्षिसी थेट वादकाच्या हातात द्या. कालबेलिया नृत्य २०१० पासून युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आहे. नाचणाऱ्या बायकांना नोटा उडवून दाखवणं बंद व्हायला हवं.

सकाळी बूट घालण्याआधी झटका, विंचू आत शिरलेला असू शकतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फुरसंही असतं, म्हणून रात्री वाळूत अनवाणी आणि टॉर्चशिवाय फिरू नका.

सम आणि खुडीच्या आसपासचा मोठा भाग राष्ट्रीय मरु उद्यानात येतो. उद्यान ३१६२ चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूरच्या नान्नजचं अभयारण्य ज्याच्यासाठी केलं तो माळढोक इथे गोडावण म्हणून ओळखला जातो आणि त्याचा शेवटचा मोठा आसरा हाच मुलूख आहे. तो जड पक्षी, त्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत आणि धडकून मरतो. पाहायचा असेल तर वन विभागाची परवानगी घेऊन उद्यानातल्या सुदासरीला जाणकार वाटाड्याबरोबरच जा. दुरून दिसला की गाडी थांबवा, पाठलाग करू नका. पक्षी पाहणाऱ्यांनी येता-जाता फलोदीजवळचं खीचन गाव जोडावं. हिवाळ्यात तिथे कांड्या करकोचे, म्हणजे इथले कुरजां, हजारोंनी उतरतात. सकाळी चुग्ग्याच्या, म्हणजे त्यांना दाणे टाकायच्या वेळेला पोचा.

९. तनोट आणि लोंगेवाला: पूर्ण दिवस

जैसलमेर, रामगड, तनोट, लोंगेवाला, रामगड, जैसलमेर अशी फेरी साधारण ३०० किलोमीटरची. सकाळी सातला निघा म्हणजे अंधार पडायच्या आत परत याल. पेट्रोल जैसलमेरलाच पूर्ण भरा, रामगडनंतर पंपावर भिस्त नको. माणशी तीन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं सोबत घ्या. मोबाइलची रेंज मधेच जाते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवा आणि हॉटेलवर परतीची वेळ सांगून निघा.

तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. पूजाही जवानच करतात. १९६५ च्या युद्धात परिसरात पडलेले न फुटलेले तोफगोळे मंदिरात ठेवले आहेत. भारतीय नागरिकांना मंदिरापर्यंत जायला वेगळी परवानगी लागत नाही, पण तिथून पुढे सीमेकडे जायचं असेल तर सीमा सुरक्षा दलाची रीतसर परवानगी हवी. 'आमची ओळख आहे, नेतो' म्हणणाऱ्या ड्रायव्हरला पैसे देऊ नका. सीमेवर तणाव असेल तर हा भाग न सांगता बंद होतो. आदल्या संध्याकाळी हॉटेलवर चौकशी करूनच गाडी पक्की करा.

लोंगेवालाला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या पंजाब रेजिमेंटच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची चढाई रात्रभर रोखून धरली. उजाडल्यावर जैसलमेरच्या तळावरून हंटर विमानं आली. सपाट वाळूत रणगाड्यांना लपायला जागाच नव्हती, हे त्या जागेवर उभं राहिलं की लगेच कळतं. चौक्या, ताफे आणि जवान यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ज्यांना इतका प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी जोधपूर रस्त्यावर सैन्याचं युद्ध संग्रहालय आहे. गावापासून अर्ध्या तासाच्या आत.

१०. खाणं

शाकाहारी माणसाची इथे चैन आहे. केर-सांगरी हा या मातीचा खरा पदार्थ. केर म्हणजे काटेरी झुडपाची आंबट फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या शेंगा. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात. सोबत बाजरीचा सोगरा मागा. तो जाड असतो आणि वर तुपाचा गोळा. गट्ट्याची भाजी आणि दाल-बाटी-चुरमा सगळीकडे मिळतं, पण बाटी रात्री उशिरा खाऊ नका, पोट जड होतं. जैसलमेरची म्हणून मिठाई हवी असेल तर घोटुआ लाडू. दुपारी कचोरी खायची तर जिथे कढई चालू आहे तिथे, थाळीत गार पडलेली नको.

किल्ल्याच्या दाराजवळ भांगेचं सरकारमान्य दुकान आहे. लस्सीत घातलेली भांग तास-दीड तासाने चढते. काहीच झालं नाही म्हणून दुसरा पेला घेणारे मग दिवसभर आडवे होतात. लहान मुलांच्या हाती चुकून जाऊ देऊ नका आणि पिऊन उंटावर किंवा किल्ल्याच्या तटावर चढू नका.

पाणी बाटलीतलं किंवा गाळलेलं प्या. हॉटेलात बादलीने आंघोळ करा, चादरी-टॉवेल रोज बदलून मागू नका.

११. खरेदी आणि परतीचा दिवस

पिवळ्या दगडाच्या वाट्या आणि दिवे सुंदर असतात, पण वजन पाहा. विमानाने जाणार असाल तर एक दिवा बॅगेचा हिशोब बिघडवतो. हाबूर गावच्या दगडाच्या वाटीत विरजणाशिवाय दही लागतं असं सांगून ती विकतात. दगडात जीवाश्मांची नक्षी दिसते म्हणून घ्या, दह्याच्या आशेने जास्त पैसे मोजू नका. 'अँटिक' चांदी आणि 'शंभर वर्षांची' भरतकामाची चादर यांवर विश्वास ठेवायचं कारण नाही. बाडमेरकडचं नवं भरतकाम नवं म्हणून घेतलंत तर पैसा वसूल होतो. लोकरी पट्टू, म्हणजे इथली विणलेली शाल, मात्र जरूर बघा. हातमागाचा असेल तर उलट्या बाजूलाही विणीचा धागा स्वच्छ दिसतो, छापील असेल तर मागची बाजू फिकी असते. पहिल्या दिवशी फक्त तीन-चार दुकानांत भाव विचारा आणि शेवटच्या दिवशी एकटे, ड्रायव्हरला न घेता, जाऊन खरेदी करा. ड्रायव्हर सोबत असला की त्याची दलाली तुमच्या किमतीत मिसळते.

स्थानक किल्ल्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. रात्रीच्या गाडीसाठी रिक्षा संध्याकाळीच सांगून ठेवा, थंडीत उशिरा रिक्षा सहज मिळत नाही. समच्या कॅम्पवरून थेट गाडी गाठायची असेल तर रस्ता एक तासाचा असला तरी दोन तास आधी निघा. सकाळी वाळूतून निघणाऱ्या सगळ्या गाड्या गावाच्या तोंडाशी हनुमान चौकात येऊन अडकतात.